बोकडाची मापं आणि अंगठ्याचा रकाना

माझ्या शिवणकामाच्या वहीत पुढून ब्लाउजची मापं असतात आणि मागून बोकडांची. एकदा एका गिऱ्हाइणीने वही उलटी उघडली. "छाती, पोट, मांडी... अवो, हे कोन व्हय बाई?" असं म्हणत ती दचकली. तेव्हापासून मागच्या पानांवर मी ठळक अक्षरांत 'बोकड' असं लिहिते.

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात मी दरवर्षी बेरारी जातीचे दोन बोकड वाढवते. तुरीचं कुटार, सुबाभळीचा पाला, मूठभर सरकीची ढेप आणि दिवसभर मोकळं चरणं. दर रविवारी खाणं टाकायच्या आधी टेप घेऊन बसायचं आणि माप लिहायचं. बकरी ईदच्या आधी अकोल्याहून एक खाला येतात. गेली कितीतरी वर्षं त्याच घेतात. काटा मागत नाहीत, वही मागतात. पान वाचतात, बोकडाकडे पाहतात आणि म्हणतात, "घेतला." या शब्दाची मला जेवढी ऐट आहे तेवढी माझ्या शिवणीचीही नाही.

गेल्या वर्षी ईदला तीन आठवडे उरले असताना मोठ्या बोकडाची छाती एका आठवड्यात तब्बल दोन इंच वाढली. मी खूश. मग मांडीला टेप लावली. मांडी होती तेवढीच. मागच्या चार आठवड्यांत मात्र छाती आणि मांडी जोडीने वाढत होत्या. मी पुन्हा मोजलं. टेप सरळ होती. बोकडाचा जबडा खालून फुगल्यासारखा दिसत होता. छातीच्या खालच्या बाजूला अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत पडतो तसा. मानेवर केस बाजूला केले तर सुईच्या दोन खुणा.

घरात बैलांना सुई टोचता येणारा माणूस एकच. माझे सासरे. वही घेऊन मी ओसरीवर गेले.

"मामाजी, बोकडाले सुई कोनं देली?"

चहाची बशी तोंडाशीच थांबली. "काहून वं?"

"दोन खुणा हायेत."

"मंग दोन देल्या असतीन." बशी खाली आली. "थो पारावरचा माहा दोस्त मले चिडवून राहिला होता, का सुनेचा बोकड म्हंजे टेपनं शिवेल बोकड हाय म्हनून. बाजारात एकजन बॉडी बनवाची दवाई इकून राहिला होता. म्या आनली. अन् बॉडी बनली का नाई? तूच पाह्य ना वहीत!"

"धाकट्याले देली?"

"नाई. त्याच्यावरून कोनी चिडवत नोयतं."

पशुवैद्यक डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी मामाजींकडची रिकामी बाटली वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे औषध मांस वाढवत नाही. उलट असलेलं मांस झिजवतं आणि अंगात पाणी धरून ठेवतं. ब्लाउजमध्ये कापूस भरल्यासारखं." मग बोकडाच्या रुंद खांद्यांवर थाप मारून म्हणाल्या, "मांस वाढवणारं हार्मोन याच्या अंगात आधीच आहे. हा खच्ची केलेला नाही ना? मान आणि खांदे त्यानेच भरले. सोबतीला खाणं हवं, चालणं हवं आणि वेळ. बाटलीत वेळ मिळत नाही." औषध अंगातून पूर्ण निघून जाईपर्यंत त्याला विकायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. धाकट्यालाही तपासलं. तो ठणठणीत होता.

खाला आल्या त्या दिवशी मी सकाळपासून वही तीनदा उघडून मिटली. मोठ्याच्या पानावर सगळं लिहून ठेवलं होतं, सुयांसकट. ते पान फाडलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. पण मग वहीत उरलं काय? मी तेच पान उघडून त्यांच्या हातात दिलं.

त्या वाचत गेल्या. भुवया वर गेल्या. मी तोंड उघडायच्या आत मामाजी पुढे आले. "खालाजी, सुनेची गलती नाई. सुया म्या देल्या."

खालांनी मोठ्या बोकडाला अंगठा दाबून पाहिला, मग मामाजींना नखशिखांत न्याहाळलं. "भाऊ, बॉडीच बनवाची होती तं सोताले टोचून घ्याची ना! तुमच्या हड्ड्या मोजता येऊन राहिल्या."

सगळे हसलो. सगळ्यात जास्त मामाजी.

मग खालांनी धाकट्याचं पान काढलं, त्याच्या मांडीवर अंगठा दाबला. मांस घट्ट होतं, खड्डा पडला नाही. वही मिटून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "लहान हाय, पन घेतला. अन् बेटा, ज्या वहीत आपली गलतीबी लिहून असते, ते वही मले दरसाली पाह्यजे."

मोठ्या बोकडाची सूज हळूहळू उतरली आणि मग तो खाऊन-चरून खराखुरा भरला. आता वहीत एक रकाना जास्त आहे : अंगठा. तो मामाजींकडे आहे. रविवारी मी टेप धरते, ते अंगठा दाबतात आणि मोठ्याने सांगतात, "खड्डा नाई, लिही!" मग धोतर वर करून स्वतःच्या पोटरीवर दाबतात.

"हेबी लिही. नाई पडत खड्डा."

मी लिहिते. बोकडांच्या पानावरच.