बांधलेला झोका

माझी रोजची वाट मुलींच्या बालगृहाच्या कुंपणाला लागून जाते. आत अंगणात एक झोका आहे, पण त्याची फळी साखळ्यांसकट वरच्या दांडीला तारेनं आवळून बांधलेली असते. आज मात्र फाटकातून आत शिरले, तर शिपाईकाका शिडीवर चढून ती तार सोडत होते. आम्ही येणार होतो ना! मुली इथे किती सुखात आहेत, याचा अभ्यास करणारे आम्ही.

"एरवी का बांधून ठेवता हो?" मी अधीक्षिकाबाईंना विचारलं.

"कुणी पडलं तर वर उत्तरं कोण देणार? तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. मूल पडू नये म्हणून त्याला झुलूच द्यायचं नाही, आणि याला म्हणायचं सांभाळणं! असं सांभाळायला कपाटही पुरतं की. पण बाईंवर तरी किती चिडू? आमची तऱ्हा काय वेगळी? झोक्यावर खिदळणाऱ्या एका मुलीला आम्ही खाली उतरवलं, खोलीत आणून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "बाळ, तुला आनंदी वाटतं का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. झोक्यावर आता दुसरी बसली होती.

"बरं, इथे सगळ्यांत जास्त काय आवडतं?"

"तुम्ही येता ते," ती पटकन म्हणाली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "ताई, मला थोडंच विचारा ना. बाकीच्यांना मात्र खूप वेळ विचारत बसा."