खडकावर बसवलेली चिमी

परवा मोताळ्याच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास नाकात शिरला आणि मी थबकले. शेजारी माझी लेक चिमी होती. आता संसाराला लागलेली. मला ती तीन वर्षांची असतानाचा एक हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात तिच्या बाबांना कोकणात बर्फाच्या कारखान्यात काम लागलं होतं, आणि दर रविवारी आम्ही तिघं समुद्रावर गळ टाकायला जायचो.

गावाकडे मी चिमीला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून कापूस वेचायची. धुरा काही जागचा हलत नाही. तीच सवय मी समुद्रावर नेली. कोरडा, सपाट खडक पाहून तिला बसवलं, ओंजळभर मुरमुरे दिले आणि पाठ फिरवून गळाकडे बघत राहिले. आमच्या नदीचं पाणी एकदा ओसरलं की ओसरलं. समुद्राचं परत येतं, हे मला कुठं ठाऊक होतं?

वळून पाहिलं तर खडकाच्या चारी बाजूंनी पाणी. यांनी गळ टाकून दिला आणि कमरेएवढ्या पाण्यातून तिला उचलून आणलं. मिठानं चिकट झालेला तिचा गाल मी छातीशी धरला, तर ती म्हणाली, "माय, पाणी मले पाहाले आलं होतं."

कितीतरी वर्षं मी स्वतःला बोल लावत राहिले. आता वाटतं, पोर हाती लागली, अजून काय पाहिजे.

"माय, हात दुखून राह्यला न," चिमी म्हणाली. भर बाजारात मी तिचं मनगट घट्ट धरून उभी होते. हळूच सोडलं. ती तिथंच होती.