कुड्याची साल

माझे वडील कुड्याच्या सालीचं औषध देत. आमचं घर मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारापासून थोडं वर, डोंगराच्या अंगाला. रक्ती आव लागलेली, आतडं सोलवटल्यासारखी आग सोसणारी माणसं पार किनाऱ्यापासून चालत येत. साल वाळवून, कुटून केलेली पूड ताकातून घ्यायची आणि एकवीस दिवस पेज-ताकावर राहायचं. माणूस बरा होई. औषध चोख होतं. वडील तसे नव्हते.

छपन्न-सत्तावन्न साल असेल, मी चौदा वर्षांची. किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या रापणकरांच्या वस्तीतली एक मासे विकणारी बाई आली. वडिलांनी तिला खळ्याबाहेरच, अंगणाच्या कडेला अडवलं. "थंयच रव. पायरी चढा नको." पुडी त्यांनी वरून फेकली, ती चिखलात पडली. बाईने उचलून पदराला पुसली.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा वडील गावात नव्हते. "रगत थांबला गो बाये," ती म्हणाली. "पण वस्तीत आणखी चार जणा तळमळतत. त्येंका हय उभी कोण करतला? माका झाड दाखव."

मी दाखवलं. पांढरा कुडा घे, काळा नको, असंही सांगितलं. साल उभी पट्टी करून काढ, गोल काढलीस तर झाड मरेल, हेही.

त्यानंतर किनाऱ्यावरचं कोणी आमच्याकडे येईना. कारण कळलं तेव्हा वडिलांनी मला मारलं नाही. कोयता हातात दिला.

"तूच दाखयलंस मा? आता तूच सोल. गोल सोल."

वस्तीच्या वाटेवर उतारावर सहा-सात कुडे होते; वस्तीला तेवढेच ठाऊक. मी एकेक बुंधा सोलत गेले. पांढरा चीक मनगटापर्यंत ओघळला. वडील काजूच्या सावलीत पान चघळत बसले होते. "खाली रवला," मध्येच बुंध्याशी राहिलेल्या सालीकडे बोट दाखवून ते म्हणाले. सोललेली साल त्यांनी घरी आणून वाळवली आणि डबा भरून माळ्यावर ठेवली.

पुढच्या आषाढात ती बाई पुन्हा आली. खांद्यावर तिची तीन वर्षांची मुलगी, डोळे खोल गेलेले.

"वैद्यानू, चेडवाच्या पोटात घोटभर पाणी रवणा नाय. रगत पडता. झाडा सगळी मेली. तुमचा वखद द्या."

"तू वैदीण झालंस मा? कर उपाय."

"पाया पडतंय तुमच्या."

"झाडाच्या पड. पालवी येता काय बघ."

ती पावसात उभी राहिली. मी चुलीपाशी होते, माळ्याची शिडी माझ्यापासून चार पावलांवर. वडील जेवायला बसले. मी भात वाढला. त्यांनी कढी मागितली, ती वाढली. परत बाहेर पाहिलं तर खळ्यापुढे कोणी नव्हतं.

मुलगी मालवणच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेली. आमच्या औषधाने वाचली असती की नाही, ठाऊक नाही. वडील एवढंच म्हणाले, "तिना उशीर केल्यान." त्या महिन्यापासून किनाऱ्यावरची माणसं पुन्हा येऊ लागली. दुसरीकडे जाणार कुठे?

माझं लग्न ठरल्यावर मी तिला कट्ट्याच्या बाजारात गाठलं. ती बांगडे मांडून बसली होती.

"मावशे, माका माफ कर."

ती माशांवर पाणी शिंपडत राहिली. "येकच सांग. त्या दिवशी घरात साल होती?"

"होती."

"खंय?"

"माळ्यार."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, "हिका बाजूक होवक सांग. गिऱ्हाईक खोळांबला हा."

मी बाजूला झाले.