आबांच्या चपला

माझ्याकडे जुनी पद्मिनी आहे आणि चुलतभावाकडे तितकीच जुनी जीप. माझ्या गाडीचं पेट्रोल इंजिन चालू आहे का बंद, हे कान देऊन ऐकावं लागतं. त्याचं डिझेल इंजिन आमच्या माले गावच्या शिवारात सुरू झालं की पौडपर्यंत कळतं. पण माझ्या गाडीचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. चिखल लागला की ती जागच्या जागी फिरतात. त्याची चारी चाकांनी बांध चढून भातखाचरात उतरते. माझे वडील, आबा, त्या धुडाला म्हणतात, "लई दमाची गाडी हाय." आणि चिखलाच्या पायांनी खुशाल आत चढतात. माझ्या गाडीत ते कधी बसले नव्हते. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा त्यांना पौडला तहसील कचेरीत जायचं होतं. जीप शेतात होती, म्हणून माझी आठवण झाली. मी गाडी घासूनपुसून काढली, सीटवर पांढरी कव्हरं चढवली. वाटेत इंजिनाचा एक ठोका चुकला नाही. आबा मात्र पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. कचेरीसमोर उतरले तर अनवाणी.

"चपला कुटं हायेत?"

"अंगणात काढल्या. तुजी गाडी मळली असती."

तेवढ्यात मागून तो ओळखीचा धडधडाट आला. चुलतभाऊ चपला घेऊन उतरला. "अंगणात दिसल्या," म्हणाला.

आबांनी त्या पायात सरकवल्या आणि माझ्याकडे वळले.

"तू जा आता. मी याच्यासंगं येतो."