आठव्या गेटपर्यंत

चहा आला की ते लगेच प्यायचे नाहीत. कप आधी डाव्या तळव्यात धरायचे, मग उजव्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी.

कामावर जाताना बोटातली अंगठी लॉकरमध्ये. थंडीत बोटं बारीक होतात, अंगठी गळून पडते.

कुठल्याही फरशीवर आधी टाच टेकवायची, मग पाऊल.

खेळाडूंच्या छातीवरचे नंबर मराठीत पुटपुटायचे. "एकोणसाठ आली, एकोणसाठ." इंग्रजीत मोजलं की उशीर होतो, म्हणायचे.

फोटो काढताना चष्मा काढून टोपीत खोचायचा.

रमझानात बर्फात उभे राहून म्हणायचे, "मास्तर, इथे तहानच लागत नाही. हा रोजा अल्ला अर्धाच धरणार."

मास्तर म्हणजे मी, निनाद. मराठीत एम.ए. केलेला माणूस दुबईत फोटो काउंटरवर बसतो, याचं त्यांना फार कौतुक होतं आणि फार हसूही येई.

हमदुल्ला मापारी. गाव हर्णै. वय सेहेचाळीस. दुबईतल्या एका मॉलमध्ये छताखाली बर्फाची उतरण आहे, उणे दोन डिग्रीत. दर शनिवारी तिथे स्नोबोर्डच्या शर्यती होतात. एकाच फळीला दोन्ही पाय बांधायचे, आडवं उभं राहायचं आणि बर्फात रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत खाली यायचं. त्या काठ्यांना गेट म्हणतात. हमदुल्लाभाई बारा वर्षं त्या गेटांपाशी गुडघ्यावर बसून फोटो काढत होते. फोटोखाली नाव, देश आणि वेळ मी घालायचो.

फळीची कड बर्फ कापते, तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजावर ते बटण दाबायचे. माणूस नंतर दिसायचा. बाकीच्या फोटोग्राफरांच्या फोटोत खेळाडू वळून गेलेला असे. यांच्या फोटोत तो वळत असे.

जानेवारीत आमच्या मॅनेजर नबिला यांनी सगळ्यांना बोलावलं. यापुढे प्रत्येक गेटला आपोआप चालणारा कॅमेरा. खेळाडूच्या नंबरात चिप, चिप जवळ आली की फोटो. माणूस नको. मार्चअखेर हमदुल्लाभाईंचा करार संपणार.

नोकरी गेली की व्हिसा जातो. त्यांच्याबरोबर मरियमभाभी आणि मुलगी अरफा यांचाही. अरफा इथेच जन्मली, पाचवीत आहे. तिने हर्णै दोनदाच पाहिलं आहे.

त्यांना शोधाशोध येत नव्हती. मीच मेल पाठवले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका क्रीडा-फोटो एजन्सीतून उत्तर आलं. तिथल्या सुनेत्रा मॅडम पुण्याच्या. त्यांनी फोटो नीट पाहिले.

"टायमिंग सुपर्ब आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं इनडोअर. आमचं काम खऱ्या डोंगरावर असतं. फेब्रुवारीत जॉर्जियात शर्यत आहे. दोन दिवस. फायनलचे फोटो चांगले आले तर तुमचा व्हिसा आम्ही करू. प्रॉमिस."

लिफ्टमध्ये हमदुल्लाभाई म्हणाले, "मास्तर, बर्फ तो बर्फच. इथला काय, तिथला काय."

इथला रहिवासी व्हिसा असला की जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही. मी सुट्टी टाकली. फोटोंखालची नावं लिहायला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी प्राथमिक फेऱ्या होत्या. चौसष्ट खेळाडू. आभाळ भरलेलं, ऊन नावाला नाही. डोंगर इतका मोठा होता की मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. हमदुल्लाभाईंनी बघितलं नाही. ते गेट शोधायला गेले.

तिथे प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळे गॉगल होते. शर्यतीच्या एका माणसाने त्यांनाही देऊ केला. यांनी हात हलवला.

"घाला ना," मी म्हणालो.

"काळ्या काचेतून पांढरा कळत नाही. आणि ऊन कुठंय? बारा वर्षं बर्फात आहे, हबीबी. तू मला बर्फ शिकवतोस?"

मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या बर्फावर कधीच सूर्य पडला नव्हता. ढगांतूनही तो पडतो, बर्फावरून उलटून वर येतो आणि उघडे डोळे भाजतो, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला बर्फातली सगळी दुखणी माहीत होती. हे एक सोडून.

ते सात तास चष्मा टोपीत खोचून उभे होते. त्या दिवसाचे फोटो त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले फोटो आहेत.

संध्याकाळी जेवताना ते डोळे चोळायला लागले. वाळू गेली, म्हणाले. सकाळी पापण्या उघडेनात. डॉक्टरने थेंब घातले, पट्टी बांधली. दोन दिवसांत बरं वाटेल, काळजी नको, असं तो हसून म्हणाला.

फायनल अकराला होती.

"मला गेटपाशी नेऊन उभा कर," हमदुल्लाभाई म्हणाले.

"भाई, दिसत नाही तुम्हाला."

"ऐकू येतं ना? यल्ला, चल."

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. कॅमेऱ्याचा नेम मी धरून दिला. ते गुडघ्यावर बसले. मान तिरपी केली. पण तिथे वारा होता. छताखाली वारा नसतो. तो आवाज वरच्या वर उचलून नेत होता. खेळाडू निघून गेल्यावर हमदुल्लाभाई बटण दाबत होते. किंवा कुणी यायच्या आधी.

शेवटच्या फेरीला त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "तू काढ."

मी काढले. एकही धड आला नाही.

चारशेच्या वर फोटो. रिकामे गेट. उडालेला बर्फ. एकात एक हातमोजा. फायनलच्या सोळाही खेळाडूंची नावं मी सकाळीच लिहून ठेवली होती. त्यांच्या वर लावायला काही नव्हतं.

परतल्यावर डोळे बरे झाले. डॉक्टर खरं बोलला होता. सुनेत्रा मॅडमनी स्वतः फोन केला. पहिल्या दिवसाचे फोटो ग्रेट आहेत, म्हणाल्या. पण क्लायंटला फायनल हवी होती. "आय ॲम सो सॉरी, हमदुल्लाजी." हमदुल्लाभाई त्यांनाच धीर देत होते. "नाही नाही मॅडम, चूक माझी."

मी दुबईपासून तासाभरावर मोहम्मद बिन झायद सिटीत त्यांच्या घरी गेलो. भाभींच्या भावाच्या व्हिलातली मागची खोली. खोके भरायला सुरुवात झाली होती. हमदुल्लाभाई भिंतीला टेकून बसले होते.

"डोळे वाचले ना?" भाभी म्हणाल्या. "मग तोंड असं का? चला घरी."

"घरी काय करू? तिथे बर्फ कुठे आहे?"

"आहे की. बंदरात मासळीवर घालतात तो. काढा त्याचे फोटो."

बोलून झाल्यावर भाभींनी ओढणी तोंडाला लावली. त्या हसत होत्या की नाही, ते मला कळलं नाही. अरफा खोक्यावर बसून होती.

"पप्पा, इज इट फॉरेव्हर?"

त्यांनी शेजारचं खोकं पुढे ओढलं. मी पुस्तकं वाचण्यात पाच वर्षं घालवली आहेत. मी एका खोक्यावर हर्णै लिहिलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नबिला मॅडमनी त्यांना बोलावलं. नवे कॅमेरे आले होते, पण ते कुठे बसवायचे हे कंपनीच्या इंजिनिअरला कळत नव्हतं. कुठल्या उंचीवर, किती तिरपे. "तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना बरं वाटत नव्हतं. बारा गेटं होती. प्रत्येक गेटासमोरच्या कठड्यावर दोन खुणा करायच्या, एक उंचीची, एक कोनाची.

हमदुल्लाभाई नाही म्हणतील असं मला वाटलं. ते निळ्या टेपचं रीळ घेऊन निघाले. मी वही घेऊन मागे.

पहिल्या गेटाला गुडघ्यावर बसले. डोळा मिटला. टेप लावली. "एकशे दहा सेंटिमीटर, लिही." दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच. एकही खूण घाईत केली नाही. चौथ्याला लावलेली टेप काढून दोन बोटं खाली लावली. "इथे पोरं लवकर वाकतात. मशीनला काय कळणार?"

सातवं झालं. आठव्याला उंचीची खूण झाली. कोनासाठी त्यांनी टेपचा तुकडा फाडला आणि हातातच धरून बसून राहिले. वरून एक मुलगी आली आणि गेली. त्यांनी मान वर केली नाही.

"राहिलेलं उद्या, इन्शाल्ला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. फोन बंद. विमान शनिवारचं आहे असं मला सांगितलं होतं. गुरुवारीच भाभींचा मेसेज आला, आम्ही हर्णैला पोचलो.

आठव्या गेटासमोरच्या कठड्यावर एकच खूण आहे. नऊ ते बारासमोर एकही नाही. इंजिनिअर रोज मला विचारतो, पुढचं काय. वहीत आठव्या ओळीत मी उंची लिहिली आहे.