दोन महिन्यांची पॉलिसी आणि सासूबाई

हे कतारला, दोह्यात इन्शुरन्स एजंट म्हणून लागले, तेव्हा मी गणपतीला बोलले होते की पहिली पॉलिसी विकली गेली तर वर्षभर संकष्टी धरीन. विकली गेली. संकष्टी धरली. मग हे म्हणाले, "आता असंही माग, की ज्याला विकली तो आजारी पडू नये." खरंच की! म्हणून मंगळवारही धरले. यांचे मॅनेजर कुरियन सर केरळचे, चर्चला नेमाने जाणारे. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा यांना म्हणाले, "मिसेसना सांगा, उपवास सोडू नका. क्लेम फार कमी येतायत."

घरात विमा एजंट असला आणि शुक्रवारी आरतीला चार माणसं येत असली, की किस्से जमवावे लागत नाहीत. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे ते आपले आपणच फुगतात.

आमच्या अल हिलालच्या फ्लॅटवर नेमाने येणारी माणसं दोन. एक रोझी, वसईची, इथल्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या काउंटरवर बसते. आरतीला टाळ्या वाजवते आणि मोदकाला सगळ्यांच्या आधी हात घालते. दुसरे दत्ताभाऊ, साताऱ्याकडचे, मुऐदरच्या एका व्हिलात ड्रायव्हर आहेत. सुट्टीच्या दिवशी गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या माणसासारखं फिरवतात.

यांचा मुख्य माल म्हणजे पाहुण्यांची पॉलिसी. मुलाकडे महिन्या-दोन महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांची. पडलं-झडलं, अचानक नवीन काही उपटलं, तर कंपनी पैसे देते. जुनं दुखणं उसळलं, तर देत नाही.

आणि गंमत अशी, की जगातल्या सगळ्या आयांना ही पॉलिसी विकणारा माणूस स्वतःच्या आईला ती विकायला तयार नव्हता. सासूबाई सांगलीला असतात. छातीत स्टेंट आहे. त्यांना इथे यायचं होतं, नातीसोबत दोन महिने राहायचं होतं. हे म्हणायचे, "तिचं हृदयाचं काही झालं तर पॉलिसी हात वर करणार. मीच विकू आणि मीच कपाळाला हात लावू?"

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या आयांना बरी विकतोस रे."

यावर यांना एकदम ऑफिसचं काम आठवायचं.

*

यांची विकायची पद्धत ऐका. माणूस समोर बसला की हे आधी काय मिळणार नाही ते सांगतात. शुगर नाही, बीपी नाही, जुनं हृदय नाही, गुडघे नाहीत, दात नाहीत.

मदिनत खलीफाचे एक इंजिनियर अर्धा तास ऐकत बसले. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही पॉलिसी विकायला आलात की माझ्या आईवडिलांचं येणं रद्द करायला?"

कुरियन सरांनी यांना केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत, फार सज्जन माणूस. एवढंच म्हणाले, "प्रसाद, जे कव्हर होतं तेही कधीतरी सांगत जा. कंपनीला बरं वाटेल."

*

त्याच इंजिनियरांच्या वडिलांशी हे व्हिडिओ कॉलवर बोलले. आईवडिलांशी स्वतः बोलल्याशिवाय पॉलिसी द्यायची नाही, हा यांचा नेम. हे नेम म्हणतात, कुरियन सर खोड म्हणतात.

"काका, काही जुनं दुखणं?"

"छे. ठणठणीत."

"बीपी, शुगर?"

"नावालासुद्धा नाही."

एवढ्यात मागून काकू आल्या. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या तळहातावर गोळ्या, एक पांढरी, एक गुलाबी. काकांनी मानेनेच नको नको केलं. काकू कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवणाआधीची आहे हो, चुकवून चालत नाही."

काका म्हणाले, "ते व्हिटॅमिन."

पुढे काकांनी यांना एकट्याला फोन केला. म्हणाले, "अहो, खरं सांगितलं तर पोरगा तिकीट रद्द करेल. नातवाला अजून मांडीवर घेतलं नाही मी." दुसऱ्या दिवशी यांनी मुलाला आणि वडिलांना एकाच कॉलवर घेतलं आणि गोळ्यांसकट सगळं बोलायला लावलं. तिकीट रद्द झालं नाही. काका येऊन गेले. आमच्याकडे मोदकही खाऊन गेले, काकूंची नजर चुकवून.

*

माझाही एक घोटाळा सांगते. गिऱ्हाइकाला पॉलिसी कागदावर हवी असली, की मी ती एक दिवस देवापुढे ठेवायला लावते. एकदा हळदीकुंकवाचं बोट तिच्यावर लागलं. हे तशीच देऊन आले.

गिऱ्हाइकाचा फोन आला. "साहेब, शेवटच्या पानावर लाल शिक्का आहे. तो कुठला?"

हे म्हणाले, "तो वरच्या ऑफिसचा."

*

दत्ताभाऊंनी सांगितलेले आजोबा तर विसरणं शक्य नाही. दोन महिने धडधाकट राहिले. समुद्राकाठी कॉर्निशवर फिरले, सूकच्या बाजारात खजुराची घासाघीस केली. परत जायला दोन दिवस उरले, तसे दत्ताभाऊंना म्हणाले, "गाडी हॉस्पिटलला घे."

"काय हुतंय आजोबा?"

"काही नाही."

"मग कशापायी?"

"पॉलिसी काढलीय. वाया चाललीय. काहीतरी तपासून तरी घेऊ."

दत्ताभाऊंनी लाख समजावलं. "आजोबा, काय झालं न्हाय ह्येच नशीब म्हना की." पण आजोबा ऐकेनात. नेमके रोझीच्याच काउंटरला जाऊन उभे राहिले.

रोझीने विचारलं, "बाबा, त्रास काय होतोय?"

आजोबा म्हणाले, "काहीच होत नाही. तेच नोंदवायला आलोय. परवा जायचंय."

*

पण रोझीचे सगळेच किस्से हसायचे नसतात. एका शुक्रवारी ती आली. आरतीनंतर मोदकाला हातसुद्धा लावला नाही. मग सांगायला लागली. कुणाची तरी आई छातीत दुखतंय म्हणून आणली होती. दुखणं जुनं निघालं, कंपनीने पैसे नाकारले. पॉलिसी दुसऱ्या कुठल्या एजंटाने विकलेली, "सगळं कव्हर आहे" असं सांगून.

"पोरगा भांडला असता तर बरं झालं असतं, वहिनी," रोझी म्हणाली. "भांडणाऱ्यांची सवय आहे मला. तो नुसता विचारत होता. 'पण ते भाऊ म्हणाले होते ना, सगळं आहे म्हणून?' एवढंच, परत परत."

ती आई वाचली, देवाची कृपा. पण रोझी यांच्याकडे वळून म्हणाली, "प्रसादभाऊ, ही छोटी पॉलिसी एजंटांनी विकूच नये. माणसांना वाटतं छत्री घेतली. हातात असतो नुसता दांडा."

दत्ताभाऊ म्हणाले, "आन न्हाय इकली तर? मागं त्या बाई बाथरूमात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मीच न्हेलं हुतं गाडीतनं. सगळं त्याच पॉलिसीनं दिलं का न्हाय? तुमीच काउंटरला हुता."

"दिलं," रोझी म्हणाली.

"मग?"

"मग काय. तुमचंही खरं, माझंही खरं. आता यांना विचारा."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणूनच आईला नको म्हणतोय." मी समईची वात सारखी केली. म्हणायचं खूप होतं, पण तो विषय मायलेकांचा.

*

पुढच्या शुक्रवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि यांचा ऑफिसचा मोबाइल वाजला. नंबर भारतातला, अनोळखी. यांच्या हाताला तूप लागलेलं, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"नमस्कार साहेब. पाहुण्यांच्या पॉलिसीची चौकशी करायची होती. मला मुलाकडे यायचंय."

आवाज सासूबाईंचा. शेजारच्यांच्या फोनवरून.

"अगं आई..."

"आई घरच्या नंबरवर. हा ऑफिसचा आहे ना? गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोला."

रोझीने कप खाली ठेवला. दत्ताभाऊ दारात चपला घालत होते, ते तिथेच थांबले.

यांनी घसा खाकरला. "बोला. काही जुनं दुखणं?"

"आहेत की. छातीत स्टेंट आहे. बीपी आहे. उजवा गुडघा जिना चढताना बोलतो. गोळ्या रोजच्या, एकही चुकवत नाही."

"मग ऐका. हृदयाचं मिळणार नाही. बीपीचं नाही. गुडघ्याचं नाही."

"मग माझ्यातलं राहिलं काय?"

दत्ताभाऊंना हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत. "पडलात, हाड मोडलं, अचानक नवीन काही झालं, तर सगळं कंपनी बघेल."

"आणि हृदयाचंच काही झालं तर?"

"तर खर्च मुलावर पडेल. फार मोठा."

"मुलगा तयार आहे का, विचारलंत त्याला?"

हे फोनजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "तयार आहे."

"मी निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटलं तरच निघते. गोळ्या परत येईपर्यंतच्या घेते. अजून काही करायला हवं?"

"नाही."

"आता सांगा, दुसऱ्या कुणाची आई असती तर हेच सांगितलं असतंत?"

"अगदी हेच."

"आणि घ्यायची की नाही, ते कोणी ठरवलं असतं?"

"त्यांनी."

"मग मी ठरवलंय. तुम्ही देताय, की मी दुसरा एजंट बघू?"

रोझीला राहवलं नाही. फोनकडे वाकून तिने विचारलं, "आई, मी हॉस्पिटलातली रोझी. एजंटने नीट सगळं सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलं गं बाई. एवढं सांगितलं, की मुलाकडे येतेय की लढाईला, तेच कळेना."

हे उठले, साबणाने हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन आले. "नाव सांगा," म्हणाले. आणि सासूबाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, शाळेत बाईंसमोर सांगावं तसं, सावकाश.

तुमच्या घरात कोणी हे काम करत असेल, तर माझी एवढी विनंती ऐका. त्यांच्या आईला एकदा ऑफिसच्या नंबरवर फोन करायला सांगा.