वाघदेव आणि व्हिक्टोरियन कवितेची तोंडी परीक्षा

परवा आमच्या कॉलेजात एम.ए. इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय...

विषय व्हिक्टोरियन कविता. म्हणजे इंग्लंडात रेल्वे आली, कारखाने आले, विज्ञानाने देवावरच शंका घेतली, तेव्हा कवींचं काय झालं. आमच्याकडे मुलं गाइडमधली 'वैशिष्ट्ये' घडाघडा म्हणतात आणि पास होतात.

रमिला तशी नाही. तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यावरची पोर, घरी पावरी बोलते, आईवडील ऊसतोडीला गुजरातेत. नापास झाली तर पुढे शिकू देणार नाहीत, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

परीक्षकांनी या कवितेबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्या घाटात रस्ता रुंद करायला जेसीबी आला. मध्ये वाघदेव होता. म्हाताऱ्यांना वाटलं, आता देव गेला. मग पूजा करून देवाला बाजूला बसवलं, जेसीबीपुढेही नारळ फोडला. या कवींना देवाला बसवायला जागाच सापडत नाही, म्हणून ते इतके कासावीस आहेत."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

बाहेरून आलेले परीक्षक मात्र हसले. "घरच्या गोष्टी नकोत. वैशिष्ट्ये सांगा."

रमिला जराही बिचकली नाही. "सर, त्या कवींनी तरी दुसरं काय सांगितलंय? त्यांच्या घरचंच ना?"

झालं! साहेबांनी सरळ नापासाचे मार्क टाकले. का, तर मुलगी उद्धट आहे...

माझं टाळकंच सरकलं. मी मार्कांच्या कागदावर सही करणार नाही म्हटलं, तर आमचे विभागप्रमुख कानाशी येऊन म्हणतात, "जाऊ द्या मॅडम, सही करी टाका, जेवन थंडं व्हई ऱ्हायनं." एका पोरीचं शिक्षण संपायची वेळ आलीय आणि यांना जेवणाची चिंता!

त्याच जेवणावर साहेब मला विचारतात, "इथपर्यंत आलोय तर तोरणमाळ बघून घेऊ. गाडीची सोय होईल का?"

म्हणजे पोरीने तो डोंगर वर्गात आणला तेव्हा नको होता. आता एसी गाडीच्या काचेतून हवाय.

गाडी मी सांगितली नाही. सहीही केलेली नाही, आणि तक्रारीचा अर्ज आज प्राचार्यांकडे दिलाय. काय व्हायचं ते होऊ दे...

परवा मी परीक्षेच्या खोलीतून बाहेर आले, तेव्हा रमिला दाराशीच बाकावर बसून होती; आतलं सगळं तिने ऐकलं होतं. मला बघून उठली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळे ते तुमच्यावर राग धरतील."

नापास होऊन बसलेली पोर माझी काळजी करत होती... धरू देत गं, रमिला. खुशाल धरू देत.